बेचाळीसचा दाखला

ऑगस्ट जवळ आला की दोन्हीकडचे लोक जुनी मढी उकरतात. उजवे म्हणतात, बेचाळीसच्या ‘चले जाव’च्या वेळी कम्युनिस्टांनी गद्दारी केली. डावे विचारतात, तेव्हा हिंदू महासभा आणि संघ कुठे होते? दोघांची माहिती बव्हंशी खरी आहे. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि कम्युनिस्टांच्या लेखी कालचं साम्राज्यशाही युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. जुलै १९४२ मध्ये सरकारने त्यांच्यावरची बंदी उठवली. महासभेने आंदोलनाला पाठिंबा दिला नाही, संघ संघटना म्हणून बाहेरच राहिला. खोटा आहे तो निष्कर्ष: लढ्यात नव्हता, म्हणजे देशद्रोही.

हाच न्याय सर्वांना लावून पाहा. राजाजींनी ‘चले जाव’ला विरोध केला आणि त्याच वर्षी ते काँग्रेसबाहेर पडले. डॉ. आंबेडकर तर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पुढे राजाजी स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल झाले, आंबेडकरांनी मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. बेचाळीसच्या दाखल्यावर निष्ठा ठरवायची, तर या दोघांचं काय करणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: खरे फितूर असतातच की! असतात. त्यांच्यासाठी कायदा आहे, पुरावा आहे, न्यायालय आहे. एक उदाहरण घ्या: ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंडीगडमध्ये एका चित्रपटगृहासमोर दोघा सरकारी कर्मचाऱ्यांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. याहून चीड आणणारी वेळ कोणती असेल? तरी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना राजद्रोहाच्या आरोपातून सोडलं. कारण त्यांनी नुसत्या एक-दोनदा घोषणा दिल्या होत्या. त्यातून ना दंगा झाला, ना लोक बिथरले.

म्हणजे कुणाला जाब विचारायचाच नाही का? जरूर विचारावा, पण निर्णयाचा. मॉस्कोची गरज ही आपली गरज का मानली, हे कम्युनिस्टांना विचारावं. माझ्या मते त्यांचा तो निर्णय साफ चुकला. सिंध विधानसभेने १९४३ मध्ये पाकिस्तानचा ठराव केला. महासभेच्या मंत्र्यांनी विरोधात मत दिलं, पण मुस्लिम लीगच्या मंत्रिमंडळातली खुर्ची सोडली नाही. ती का, हे महासभावाल्यांना विचारावं. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं तर कागदपत्रं काढावी लागतात; ‘गद्दार’ म्हणायला काहीच लागत नाही, म्हणून तर तो शब्द इतका चालतो.

मतदारांनी तरी हा शिक्का कुठे मानला? क्रांतिसिंह नाना पाटलांनी बेचाळीसनंतर साताऱ्यात पत्री सरकार चालवलं. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणजे त्या लढ्याला विरोध करणाऱ्याच पक्षात. १९५७ मध्ये साताऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवलं. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, हे मान्य. पण १९६७ मध्ये ती लाट नव्हती, आणि तेव्हा त्यांना बीडने निवडून दिलं.