खेळते भांडवल

(बी.कॉम. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थी)

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणीचा वाक्यात उपयोग करून आपण सर्वांनी शाळेत गुण मिळवलेले आहेत. पण हातात हप्त्यांचा कागद आणि समोर दिव्यांनी लखलखणारा लॅपटॉप आला, की अंथरूण केवढे आणि पाय केवढे हेच कळेनासे होते. २०२५ च्या दिवाळीत आजोळी गेलो असताना हा प्रसंग माझ्यासमोर घडला. तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडत असणार, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

माझे आजोळ सोनकच्छ. इंदूरहून भोपाळच्या रस्त्याला लागले, की देवासच्या पुढे तीसेक किलोमीटरवर, काली सिंध नदीकाठी हे तहसिलीचे गाव आहे. आम्हां बेळगावकरांना देवास माहीत असते ते कुमार गंधर्वांमुळे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले हे कानडी घरातले गायक १९४८ साली क्षयाच्या दुखण्यात कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि तिथलेच झाले. माझी आई मात्र उलट वाटेने आली, माळव्यातून लग्न होऊन बेळगावात. त्यामुळे घरी माळवी वळणाची मराठी, शाळेत पुस्तकी मराठी आणि गल्लीत कन्नड, असे माझे शिक्षण झाले. असो.

माझा धाकटा मामेभाऊ नुकताच बारावी झाला आहे. त्याला मोबाइलवरचे खेळ तयार करायचे आहेत. खेळायचे नव्हेत, तयार करायचे. त्यासाठी इंदूरच्या एका दुकानात त्याने ७४,००० रुपयांचा 'गेमिंग' लॅपटॉप पसंत करून ठेवला होता. चोवीस हप्ते, महिना ३,६०० रुपये. सोयाबीन नुकतेच निघाले होते, घरात चार पैसे दिसत होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ही मागणी आली. मामांनी मला ओट्यावर बोलावले. म्हणाले, "काय रे, तू कॉमर्सवाला ना? बैस, लाव हिशेब. आणि आधी हे सांग, गेम म्हणजे सट्टाच ना? सरकारने तर बंद केले म्हणतात."

मामांची पहिली शंका अगदीच निराधार नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला, तो पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घालणारा. परंतु पैसे न लावता केवळ करमणुकीसाठी खेळायच्या खेळांना त्याच कायद्याने वेगळे आणि मानाचे स्थान दिले आहे. नवी मुंबईत तयार होऊन २०१६ साली आलेला 'लुडो किंग' घरोघरी पोहोचला, तो पाटावरच्या साध्या खेळाच्या बळावर. हे सांगितल्यावर मामांचा चेहरा जरा सैल झाला. मग आम्ही वही घेतली.

चोवीस हप्त्यांचे ८६,४०० रुपये होतात. म्हणजे ७४,००० च्या वस्तूवर १२,४०० रुपये नुसते व्याज. संगणकावर आयकराच्या नियमाप्रमाणे दरसाल ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने पहिल्या वर्षाअखेर वस्तूची किंमत ४४,४०० आणि दुसऱ्या वर्षाअखेर २६,६४० रुपये राहते. शेवटचा हप्ता भरून आपण खरे मालक होणार, त्या दिवशी हातात सव्वीस हजारांची वस्तू! दुसरा हिशेब मामांनीच केला. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने धरले तरी ७४,००० म्हणजे चौदा क्विंटल. "आणि मंडीत तो भाव मिळाला कुठे?" असे म्हणून मामा गप्प झाले. मामेभाऊ माझ्याकडे असा पाहत होता, की जणू मी इतक्या लांबून त्याच्या ताटात माती कालवायलाच आलो होतो.

मित्रहो, येथे माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. स्वस्त घ्या असा उपदेश करायला मी मोकळा नव्हतो. बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा बाबांना खर्च नको म्हणून मी एक कोरा करकरीत लॅपटॉप २७,००० ला घेतला. मेमरी चार जीबी, तीही मूळ पाटीवरच जोडलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. हौसेने त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ बसवला. चालू करून स्वयंपाकघरात जावे, चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा आणि परत यावे, तोवर खिडकी अर्धीच उघडलेली असायची. दोन महिन्यांत माझी हौस विझली. ते सत्तावीस हजार हीच माझी या विषयातली फी. मामा म्हणाले, "म्हणूनच म्हणतात ना, सस्ता रोए बार-बार, महँगा रोए एक बार." म्हण खोटी नाही. पण ती नांगराला लागू पडते, कारण पुढच्या वर्षी नांगरट करायची आहे हे ठाऊक असते. पुढच्या वर्षी हौस टिकणार की नाही, हे कोणाला ठाऊक असते?

माझे मत असे की महाग आणि स्वस्त ही भाषाच येथे चुकीची आहे. काम कोठे अडते ते पाहावे आणि तेवढ्याचेच पैसे मोजावेत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे समजणे अवघड नाही. संगणकाची रॅम म्हणजे खेळते भांडवल, डिस्क म्हणजे गोदाम. गोदाम कितीही मोठे असले तरी खेळते भांडवल आटले, की धंदा बसतो. गेमिंग लॅपटॉपची किंमत चढते ती मुख्यतः वेगळ्या ग्राफिक्स कार्डामुळे. दुसऱ्यांनी बनवलेले भव्य त्रिमिती खेळ खेळायला ते हवे. पण सोंगट्यांचा, कोड्यांचा, उड्या मारण्याचा सपाट चित्रांचा खेळ रचायला त्याची गरज पडत नाही. तो खेळ शेवटी चालणार मोबाइलवर, आणि मोबाइल तर खिशातच आहे. १९९७ साली नोकियाच्या फोनवर आलेला साप कितीशा पडद्यावर वळवळत होता? व्हिएतनामच्या एका तरुणाने २०१३ साली काढलेला 'फ्लॅपी बर्ड' हा एक पक्षी आणि काही हिरवे पाइप एवढाच खेळ होता. साऱ्या जगाने तो खेळला.

मग लागते काय? आठ जीबी मेमरी ही किमान, आणि ती पुढे सोळा करता येईल अशी मोकळी जागा. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क नव्हे, तर एसएसडी. ही एक गोष्ट संगणकाचे वय पाच वर्षांनी कमी करते असा माझा अनुभव आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या आतला नकली फोन मेमरी फार खातो. तो चालवूच नये. आपला खरा फोन तारेने जोडून त्यावरच खेळ तपासावा. खेळ रचण्यासाठी 'गोडो' हे साधन पूर्ण मोफत आहे. ते अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केले आणि २०१४ पासून सर्वांना खुले आहे. त्याला ना भाडे, ना खेळाच्या कमाईत वाटा. आयफोनचा नाद सुरुवातीला धरू नये. त्यासाठी मॅक संगणक लागतो आणि वर दरसाल ९९ डॉलर. गूगल प्लेची नोंदणी एकदाच, २५ डॉलरची.

आणि असा संगणक मिळतो कोठे? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने द्यायचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला. इंटेलच्या सातव्या पिढीचे आणि त्याआधीचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे कचेऱ्या आपले जुने लॅपटॉप बाहेर काढत आहेत. पण आपण आठव्या पिढीचा पाहावा, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. त्याहून जुना फारच स्वस्त मिळाला तर त्यावर लिनक्स बसवावे. ते फुकट आहे आणि गोडो त्यावर उत्तम चालते.

आम्ही दोघे बसने इंदूरला गेलो आणि सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकाने फिरलो. पहिल्या दुकानात गुळगुळीत पुसलेला माल दाखवला, पण पावतीचे नाव काढताच दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. चौथ्या ठिकाणी कचेरीतून आलेला, जाडजूड, काळा, दिसायला अगदीच बेंगरूळ लॅपटॉप मिळाला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी, २५६ जीबीची एसएसडी. १९,५०० रुपये, पक्की पावती आणि सहा महिन्यांची हमी. घेण्यापूर्वी तळाचे झाकण उघडून मेमरीची दुसरी खाच रिकामी आहे ना ते पाहिले, प्रत्येक कळ दाबली, बिजागरी हलवली, बॅटरी तासभर चालवली. मेमरी मात्र तेव्हाच वाढवून घ्यायला हवी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी ओढून घेतल्याने वर्षाअखेरीस तिचे भाव भराभर चढले. तेवढा माझा अंदाज चुकला.

मामेभाऊ खूश होता असे मी म्हणणार नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. देवास आले तेव्हा मी त्याला कुमारजींची गोष्ट सांगितली. एक फुफ्फुस निकामी झाल्यावर लांब दमाच्या गाण्याचा हट्ट त्यांनी सोडला आणि छोट्या छोट्या, जोरकस तुकड्यांतून आपली स्वतंत्र गायकी उभी केली. तो म्हणाला, "दादा, ते कुमार गंधर्व होते." याला उत्तर नव्हते. मीही खिडकीबाहेर पाहू लागलो.

पण रात्री त्यानेच वहीत वाघबकरीचा पट काढला. आजी दुपारी ओट्यावर खडूने काढते, तोच. आमच्याकडे कन्नडमध्ये याला 'आडू हुली आट' म्हणतात हे ऐकून त्याला गंमत वाटली. संक्रांतीला त्याने मला पहिला कच्चा खेळ पाठवला. त्यात बकऱ्या वाघाच्या अंगातून आरपार जात होत्या. फेब्रुवारीत ते थांबले. आता पाट्या मराठीत आणि हिंदीत आहेत. कन्नड पाट्या मी लिहून देतो आहे.

राहिलेले साडेचोपन्न हजार मामांनी खर्च केले नाहीत आणि घरात हप्ताही आला नाही. हौस टिकली तर दोन वर्षांनी मोठा संगणक घ्यायचा, असे बापलेकांत ठरले आहे. नाही टिकली तर हा लॅपटॉप दुकानाच्या आणि शेताच्या हिशेबाला चालेल. मुलाच्या हौसेवर घर पणाला लागू नये आणि घराच्या काटकसरीत मुलाची हौस मरू नये, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

शेवटी एक विनंती. नव्या वैयक्तिक खात्यावरून खेळ प्रसिद्ध करायचा तर गूगलच्या नियमाप्रमाणे निदान बारा जणांनी तो सलग चौदा दिवस आपल्या फोनवर ठेवून तपासावा लागतो. ही सामग्री कोणत्याही दुकानात मिळत नाही. सहा जण सोनकच्छचे झाले आहेत. उरलेले सहा आपल्या महाविद्यालयातले हवेत. मराठी विभागातले तीन आणि कन्नड विभागातले तीन मिळाले, तर पाट्यांतल्या माझ्या चुकाही दोन्हीकडून सापडतील.