सायकल फेरी झाली, आता चौक मोजा

३ जून हा जागतिक सायकल दिन. त्याच्या आसपासच्या एखाद्या रविवारी अनेक शहरांत सायकल फेरी निघते. सकाळी सहाला झेंडा दाखवला जातो, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट मिळतात, आठला पोहे-चहा होऊन मंडळी घरी परततात. यात वाईट काही नाही. पण वेळ सहाचीच का ठेवावी लागते? त्या वेळी रस्ता रिकामा असतो म्हणून. सायकलचा खरा प्रश्न सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सातला उभा राहतो, आणि तेव्हा सायकलवर फेरीतली मंडळी नसतात. तेव्हा असतो रात्रपाळीला निघालेला सोसायटीचा वॉचमन, साइटवरून परतणारा गवंडी, नाहीतर क्लासला चाललेली आठवीतली मुलगी.

सायकल प्रकृतीला चांगली, याबद्दल आता फारसा वाद नाही. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सुमारे २ लाख ६४ हजार ब्रिटिश नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांमध्ये पाच वर्षांच्या काळात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. मुळात धडधाकट माणसेच सायकल निवडत असतील, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार, आधीचे आजार यांचा हिशेब वजा करूनही फरक उरला.

यावर पुण्या-मुंबईतला माणूस लगेच दोन आक्षेप घेतो: धूर आणि धडक. धुराचे गणित केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले. हवेतल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बरेच वाईट, असले तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात फायदा तोट्यापेक्षा जास्तच राहतो. कामावर जाण्या-येण्यात दीड तास सायकल चालवणारे शहरात थोडेच. तेव्हा पहिला आक्षेप बराचसा निकालात निघतो.

दुसरा निघत नाही. २०१० चा एक डच अभ्यास नेहमी सांगितला जातो: गाडी सोडून सायकल धरली तर व्यायामामुळे आयुष्य ३ ते १४ महिन्यांनी वाढते, अपघातांमुळे सरासरी ५ ते ९ दिवसांनी घटते. हे वाचून आपल्याकडचे उत्साही लोक सायकल घ्यायला निघतात. पण ते '५ ते ९ दिवस' नेदरलँड्सच्या रस्त्यांवरचे आहेत. ते सायकलबरोबर बांधून मिळत नाहीत.

ते डच लोकांनाही फुकट मिळालेले नव्हते. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली. त्या दशकात तेलाचे भावही भडकले होते, त्याचीही मदत झाली. रस्ते मात्र बदलले ते या लोकांनी नगरपालिकांचा पिच्छा पुरवल्यामुळे.

रस्त्याची रचना इतकी महत्त्वाची का, हे शाळेतले पदार्थविज्ञान सांगते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने आलेली मोटार पावणेतीन पट ऊर्जा घेऊन आदळते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ३० ला गाडी साडेबारा मीटर पुढे जाते, ५० ला जवळजवळ २१ मीटर. ब्रेक त्यानंतर लागायला सुरुवात होते. सरासरी वेग १ टक्का वाढला की प्राणघातक अपघाताची जोखीम ४ टक्के वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून हेल्मेटवाटपाचे कार्यक्रम पाहिले की मी थोडा धास्तावतो. हेल्मेट घालावेच, डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता त्याने सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. पण बस अंगावरून गेली तर त्याचा उपयोग नाही, आणि वाटप उरकले की पाहुण्यांना आपले काम संपल्यासारखे वाटते.

पुण्याचेच घ्या. एकेकाळचे सायकलींचे शहर. २००६ नंतर बीआरटीबरोबर सातारा रस्त्यावर सायकल मार्ग आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि काही वर्षांत गायब झाल्या. आज शहरातल्या सायकल मार्गांवरून जाऊन पाहा. कुठे विजेचा डीपी, कुठे टपरी, कुठे दुचाकींची रांग, कुठे खचलेले पेव्हर ब्लॉक. आणि मार्ग संपतो कुठे, तर बरोबर चौकाच्या तोंडाशी, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते. सरळ जाणारी सायकल आणि डावीकडे वळणारा ट्रक तिथेच एकमेकांसमोर येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उंच केबिनमधून त्याला डाव्या चाकाजवळची सायकल दिसतच नाही. यात ना सायकलवाला बेशिस्त असतो, ना दरवेळी चालक बेदरकार. चौकच चुकीचा बांधलेला असतो.

'परिसर' ही पुण्यातली संस्था १९८० च्या दशकापासून शहराच्या वाहतुकीवर काम करते आहे. फेऱ्यांपेक्षा धोरण, रस्त्याची आखणी आणि महापालिकेचे अंदाजपत्रक यांवर तिचा भर राहिला. हे काम कंटाळवाणे असते. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, प्रायोजक मिळत नाहीत. तरी माझ्या मते गावोगावच्या सायकल क्लबांनी गिरवावा असा कित्ता हाच. शंभर सदस्यांच्या क्लबने वर्षाला दहा चौक वाटून घ्यावेत. टेप घेऊन मार्गाची रुंदी मोजावी. गर्दीच्या एका तासात किती सायकली गेल्या, किती जणांना मार्ग सोडून वाहनांत शिरावे लागले, हे मोजावे. तारखेसह फोटो काढून प्रभाग कार्यालयात द्यावेत आणि पोच घ्यावी. दर सहा महिन्यांनी पुन्हा. मोजणारे स्वतः सायकलीवरून यावेत, एवढी अट मी नक्की घालीन.

जोडीला एक स्वस्त काम: रात्रपाळीच्या वॉचमनच्या सायकलींना मागे लाल परावर्तक बसवून द्यावेत. त्याला सेल लागत नाही, समोरून आलेला दिव्याचा प्रकाश तो जवळपास त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून चालकाला तो लांबूनच चमकतो.

पोच कशासाठी, तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धोक्याची कल्पना कोणाला आणि कधीपासून होती, असा प्रश्न मग न्यायालयात निघतो. तिथे प्रभाग कार्यालयाच्या शिक्क्याचा तो कागद दाखवता येतो.