सर्व्हर बंद पडतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यात, नेरपासून झरी-जामणीपर्यंत, 'सर्व्हर बंद आहे' हे वाक्य आता 'साहेब दौऱ्यावर आहेत' या जुन्या वाक्याच्या जागी येऊन बसले आहे. पीककर्जासाठी सातबारा हवा असलेला कास्तकार, दाखल्यासाठी ताटकळणारा विद्यार्थी आणि वेतनदेयक भरणारा शाळेतील लिपिक, तिघांनाही ते ऐकावे लागते. दौऱ्यावरचे साहेब केव्हा परतणार हे निदान शिपायाला ठाऊक असे. सर्व्हरच्या बाबतीत तेवढीही सोय नाही.

या वाक्याची किंमत शिक्षकांनी मोजलेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये राज्याची 'शालार्थ' वेतनप्रणाली तांत्रिक बिघाडाने बंद पडली आणि पुढे कित्येक महिने वेतनदेयके ऑफलाइन पद्धतीने सादर करावी लागली. योगायोग असा की, त्याच महिन्यात राज्य शासनाने क्लाउडविषयीचे आपले धोरण जाहीर केले होते. तेव्हा क्लाउड म्हणजे काय, हे सामान्य नागरिकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

एका मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी असावी आणि एकाची भांडणे दुसऱ्याला ऐकू जाऊ नयेत, तशी ही रचना आहे. एका प्रत्यक्ष यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात आणि प्रत्येक यंत्र स्वतःला स्वतंत्र सर्व्हर समजते. कल्पना नवी नव्हे; आयबीएमने ती १९६०च्या दशकातच राबविली होती. पुढे १९९१ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या, कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या लिनक्समध्ये २००७ साली 'केव्हीएम' ही सोय अंगभूत झाली आणि असा वाडा बांधण्यासाठी परवान्याचे मोल देण्याची गरज उरली नाही.

परवान्याचा हा मुद्दा किरकोळ नाही. या क्षेत्रातील अग्रगण्य 'व्हीएमवेअर' कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'ब्रॉडकॉम'ने विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली. केंद्र शासनाने २०१५ मध्येच मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले होते, त्यामागील दूरदृष्टी येथे दिसते. मात्र मुक्त म्हणजे निश्चिंत नव्हे. असंख्य सर्व्हरांचा आधार असलेल्या 'सेंटओएस ७' या लिनक्स आवृत्तीची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. ज्यांनी वेळीच स्थलांतर केले नाही, त्यांची दारे चोरांना उघडी राहिली.

त्याहून मोठा भ्रम सुरक्षिततेचा आहे. आभासी यंत्र म्हणजे अखेर काही फाइली. त्यांची प्रत क्षणात काढता येते, हा त्याचा खरा गुण. परंतु ती प्रत त्याच डिस्कवर ठेवली, तर डिस्कबरोबर तीही बुडते. दस्तऐवज आणि त्याची नक्कल एकाच कपाटात ठेवू नये, हे कोणत्याही तहसील कचेरीतील जुन्या कारकुनाला सांगावे लागत नाही. प्रत दुसऱ्या गावी असावी आणि तिच्यावरून सर्व्हर पुन्हा उभा करण्याची रंगीत तालीम ठराविक काळाने व्हावी. तालीम न झालेली प्रत ही केवळ श्रद्धा होय.

एमएस-सीआयटी उत्तीर्ण नसल्यास कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखण्याइतके शासन दक्ष असते. तीच दक्षता त्याने स्वतःच्या यंत्रणेविषयी दाखवावी. सेवा किती तास बंद राहिली, कारण काय आणि प्रतीची तालीम केव्हा झाली, हे दरमहा जाहीर करण्यास अडचण कोणती?

दुसरी जबाबदारी आपल्या महाविद्यालयांची. सोळा जीबी स्मृतीच्या साध्या संगणकावर तीन-चार लिनक्स सर्व्हर सहज चालतात. पुसद किंवा वणी येथील विद्यार्थ्याला ते उभारता, मुद्दाम मोडता आणि पुन्हा सावरता येतात. नुकसान कोणाचेच होत नाही. संगणक वापरणारे आपण पुष्कळ घडविले. तो सांभाळणारे मात्र मुंबई-पुण्याहून येतील, अशी वाट पाहत बसलो. ही वाट पाहणे थांबले, तरच खिडकीवरच्या कास्तकाराला 'उद्या या' याखेरीज दुसरे उत्तर मिळू शकेल.