मोठे दुकान आणि वस्तीचा शब्द

वस्तीच्या कडेला एखादे अवाढव्य दुकान येणार अशी कुणकुण लागली की वस्तीत दोन तट पडतात. माल स्वस्त मिळेल, हाताळून पारखून घेता येईल, मुलाबाळांना घेऊन दोन घटका हिंडता येईल, असे एक तट म्हणतो. कोपऱ्यावरच्या वाण्याचा धंदा बसेल, रस्ता तुंबेल, आसपासची भाडी वाढतील, असे दुसरा म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात, त्यामुळे हा वाद कोठेही मिटत नाही. हैदराबाद शहर या वादातून गेली पंचवीस वर्षे जात आहे. ते शहर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचा कारभार तेथूनच चालत असे. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि विवेकवर्धिनीसारखी संस्था याच पेठांच्या आधाराने उभी राहिली. तेव्हा तेथे काय घडले याचा विचार महाराष्ट्राने आपल्या सोयीसाठीही करावा, असे आम्हांस वाटते.

देशातील पहिल्या अजस्र दुकानांपैकी एक, आरपीजी समूहाचे 'जायंट', २००१ च्या सुमारास हैदराबादेतच मुशीराबादला निघाले. त्याच वर्षी 'बिग बझार' आबिड्सच्या गजबजाटात येऊन बसला. त्यानंतर सतरा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०१८ रोजी, 'आयकिया' या स्वीडिश कंपनीने भारतातील आपले पहिले दुकान रायदुर्ग भागात उघडले. तेरा एकर जमीन, चार लाख चौरस फुटांची इमारत, साडेसात हजार प्रकारच्या वस्तू, सुमारे साडेनऊशे नोकरमाणसे आणि एका वेळी हजार माणसे जेवतील असे उपाहारगृह, असा त्याचा थाट होता. पहिल्या दिवशी चाळीस हजारांच्या आसपास लोक लोटले आणि हायटेक सिटीकडे जाणारे रस्ते तासन्‌तास जाम झाले. खुर्च्या-टेबले पाहायला गेलेली मंडळी बिर्याणीच्या रांगेत उभी राहिली, यात नवल नाही. हैदराबादचा माणूस नव्या जागेची परीक्षा तिच्या बिर्याणीवरूनच करतो.

रायदुर्गला त्या दुकानाने कोणती जुनी पेठ उठविली काय? नाही. तेथे पूर्वी खडकाळ टेकड्या होत्या, नंतर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या. बाजार असा तेथे नव्हताच. सुतारकाम करणाऱ्यांना झळ लागली असेल, परंतु ती एका वस्तीपुरती नव्हे, साऱ्या शहरात विखुरलेली. वस्तीला खरा त्रास झाला तो वाहनांचा. दुकानाने आपल्या आवारात गाड्यांची सोय केली होती. आवाराबाहेरच्या रस्त्याची सोय कोणी करावयाची हा प्रश्न दुकान उघडल्यानंतर पोलिसांना सुचला. रस्ता रुंद करणे, सिग्नल बसविणे, माणसे नेमणे हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो आणि त्याचा लाभ प्रामुख्याने एका खाजगी दुकानास मिळतो, ही गोष्ट त्या दिवसांच्या उत्साहात कोणी फारशी बोलून दाखविली नाही.

किराणा मालाच्या दुकानाची गोष्ट निराळी. तेथे झळ थेट शेजारच्या गल्लीत पोहोचते. 'इक्रिअर' या दिल्लीच्या संशोधन संस्थेने केंद्र सरकारच्या सांगण्यावरून केलेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या दुकानाच्या जवळपासच्या छोट्या दुकानांची विक्री व नफा सुरुवातीस घटतो, पण कालांतराने ही झळ ओसरते. छोटी दुकाने सर्व कारणांनी मिळून वर्षाला शेकडा ४.२ या प्रमाणात बंद पडतात आणि त्यांतील केवळ १.७ टक्के मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे, असा तिचा निष्कर्ष होता. मोठ्या दुकानांचे कैवारी हा आकडा मोठ्या समाधानाने सांगत आले आहेत. तथापि १.७ टक्के हा वेग दहा वर्षे टिकला, तर सहांतील एक दुकान जाते. आणि ते सहावे दुकान शहरभर समान वाटले जात नाही, एकाच रस्त्यावरची चार दुकाने एकदम जातात. सरासरीत न दिसणारे दुःख नेमके तेथे असते.

वाण्याची बाजू घेताना त्याला देवत्व देण्याचे कारण नाही. मापात मारणारा, जुना माल नव्या पिशवीत बांधणारा, टंचाईच्या दिवसांत साखर आतल्या खोलीत ठेवणारा दुकानदार आपण सर्वांनीच पाहिला आहे. मोजक्या पगारात घर चालविणाऱ्या गृहिणीला महिन्याच्या किराण्यात दोन-तीनशे रुपये वाचत असतील, तर तिने ते शेजारधर्मासाठी सोडून द्यावेत असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु हाच वाणी वहीवर मांडून माल देतो, पगार लांबला तर थांबतो, रात्री नऊ वाजता तापाची गोळी मागायला आलेल्या पोराला दार उघडतो. ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते त्याला दहा रुपयांचे तेल देणारे दुकान हवे असते. पाच किलोच्या डब्यावरील सवलत त्याच्या कामाची नाही. म्हणजे मोठ्या दुकानाचा फायदा ज्यांना होतो ते आणि छोटे दुकान गेल्याने ज्यांचे अडते ते, ही एकाच वस्तीतील दोन वेगळी माणसे आहेत. पहिला गाडीतून येतो, दुसरा पायी. सभेत बोलायला येतो तोही बहुधा पहिलाच.

या प्रश्नावर देशात एकदाच मोठे रण माजले. २४ नोव्हेंबर २०११ रोजी केंद्र सरकारने अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्के परदेशी भांडवलास मुभा देण्याचे ठरविले. व्यापाऱ्यांनी १ डिसेंबरला बंद पाळला आणि आठवडाभरात निर्णय स्थगित झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा आला. ५ डिसेंबर २०१२ रोजी लोकसभेत २५३ विरुद्ध २१८ मतांनी सरकार तरले. किमान दहा कोटी डॉलरची गुंतवणूक, शेकडा ३० खरेदी देशातील लहान उद्योगांकडून, दहा लाखांवरील वस्तीची शहरे आणि राज्य सरकारची संमती, अशा अटी घालण्यात आल्या. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आणि महाराष्ट्रानेही संमती दिली; दिल्ली व राजस्थान यांनी पुढे २०१४ मध्ये ती मागे घेतली. एवढ्या गदारोळाचे फलित काय, तर 'टेस्को' या ब्रिटिश कंपनीने टाटांच्या 'ट्रेंट'शी केलेली भागीदारी आणि त्यापलीकडे जवळजवळ शून्य. 'आयकिया' आली ती या दारातून नव्हे. एकाच कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानांसाठी जानेवारी २०१२ मध्ये जो शंभर टक्क्यांचा दरवाजा उघडला होता, त्यातून ती आली. आणि लहान उद्योगांकडूनच तीस टक्के माल घ्यावा ही सक्तीही तोवर 'शक्यतो घ्यावा' इतकी मऊ झाली होती.

या साऱ्या चर्चेत भांडवलाच्या रंगापलीकडे कोणी पाहिले नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. दुकानदाराचा मालक स्टॉकहोमचा आहे की मुंबईचा, याने शेजारच्या गल्लीस काय फरक पडतो? पवईत २००२ मध्ये सुरू झालेले 'डी-मार्ट' पूर्णपणे देशी आहे आणि आपल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. त्याला वरीलपैकी कोणतीही अट लागू नव्हती व नाही. आम्ही त्या कंपनीस दोष देत नाही. स्वस्त विकणे हा गुन्हा नव्हे. परंतु परदेशी भांडवलाला सतरा अटी आणि तितक्याच आकाराच्या देशी दुकानाला इमारतीच्या नकाशाखेरीज काहीच नाही, ही व्यवस्था वस्तीच्या संरक्षणासाठी केलेली नाही, एवढे उघड आहे. संमती राज्य सरकारने साऱ्या राज्याच्या वतीने द्यावयाची. ज्या रस्त्यावर ते दुकान उभे राहणार, त्या रस्त्याला विचारण्याची तरतूद त्यात कोठेच नव्हती.

याउलट रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडे पाहा. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी व तीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत असे ठरविले. भाजीची एक हातगाडी कोठे उभी राहील यावर समिती, सुनावणी, ओळखपत्र. आणि चार लाख चौरस फुटांच्या दुकानासाठी यांपैकी काहीही नाही! चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, त्याला तीन दशके उलटून गेली. त्या समित्यांपुढे गटाराचा विषय येतो, दुकानाचा येत नाही.

असे व्यासपीठ नसले की वस्तीला दुसरा मार्ग धरावा लागतो, हे सुलतान बाजाराने दाखवून दिले आहे. ती पेठ ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढली. रेसिडेन्सीच्या हद्दीत निजामाचा कायदा चालत नसे, म्हणून सावकार व व्यापारी तेथे जमले. १९३३ मध्ये ती निजामाकडे परत आली आणि सुलतान बाजार हे नाव तिला मिळाले. या पेठेवर संकट आले ते मोठ्या दुकानाचे नव्हे, मेट्रो रेल्वेचे. पण प्रश्न तोच होता. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे निदर्शने केली, राजकीय पक्षांनी आश्वासने दिली, २०१४ मध्ये नव्या तेलंगण सरकारने मार्ग वळविण्याची घोषणा केली, मग ती हळूहळू विरली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा टप्पा सुरू झाला आणि गाड्या सुलतान बाजारातूनच धावू लागल्या. इतक्या वर्षांत ना पेठ वाचली, ना वेळ वाचला. तेथे निदान ज्यांची जागा गेली त्यांना भूसंपादनाच्या कायद्याने नोटीस व मोबदला मिळण्याचा हक्क होता. समोर मोठे दुकान आल्याने ज्याचे गिऱ्हाईक जाते, त्याला नोटीसही येत नाही.

वस्तीच्या हाती परवाना दिला की सारे सुरळीत होईल, असे मात्र नाही. फ्रान्सने १९७३ मध्ये 'रॉयर कायदा' करून मोठ्या दुकानांचा निर्णय स्थानिक समित्यांकडे सोपविला. वीस सभासदांत नऊ लोकप्रतिनिधी, नऊ व्यापारी-कारागीर आणि अवघे दोन ग्राहक! जे आधीच बसले होते त्यांनी नव्यांना दारात अडविले, जुन्या साखळ्यांची पकड घट्ट झाली, समित्यांत पैसे चारल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९९३ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातून त्यांची रचना बदलावी लागली. आपल्याकडे असा सर्वाधिकार दिला तर काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. म्हणून नकाराचा अधिकार आम्ही मागत नाही. जाहीर सुनावणी व्हावी, आणि रस्त्यावर, पाण्यावर व आसपासच्या व्यापारावर काय परिणाम होईल त्याचा लेखी अहवाल सुनावणीपूर्वी वस्तीच्या हाती पडावा, एवढीच आमची मागणी आहे. रस्त्याच्या वाढीव खर्चाचा वाटाही दुकानाने उचलावा.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नसते. ही दुकाने येतात तशी जातातही. चेन्नईत निघालेल्या 'सुभिक्षा'ची देशभर सोळाशेच्या आसपास दुकाने झाली आणि २००९ च्या आरंभी ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. 'बिग बझार'च्या शेकडो जागा फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ताब्यात घेतल्या आणि मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. 'जायंट'चे पुढे 'स्पेन्सर्स' झाले. त्या कंपनीने २०२४ मध्ये दक्षिणेतून काढता पाय घेतला. हैदराबादेत ज्या दोन नावांनी या युगाचा आरंभ केला, ती दोन्ही नावे आज तेथे नाहीत. मधल्या काळात शेजारचे जे वाणी उठले ते परत आले नाहीत, कारण त्यांची जागा भाड्याने गेली, पोरे नोकरीला लागली, उधारीच्या वह्या रद्दीत गेल्या. येण्याच्या अटींबरोबर जाण्याच्या अटीही म्हणूनच लिहून घ्याव्या लागतील: बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत, नोकरांची देणी व लहान पुरवठादारांची थकबाकी यांसाठी आगाऊ ठेव, आणि रिकाम्या इमारतीचा वापर ठरविताना पुन्हा वस्तीची सुनावणी.

'आयकिया'चे नवी मुंबईचे दुकान १८ डिसेंबर २०२० रोजी तुर्भ्यास उघडले. त्याच महिन्यात महाराष्ट्राची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आली. तीत पार्किंगच्या जागांचे कोष्टक आहे, जिन्याची रुंदी आहे, शेजाऱ्यांच्या सुनावणीचे कलम नाही. बाजार आणि जत्रा हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी येथे पुढचे मोठे दुकान येण्यापूर्वी हे कलम घालावयाचे असेल, तर त्यासाठी दिल्लीला विचारावे लागत नाही.