घर तारण, पोरगं मेलबर्नला

ऑस्ट्रेलियाच्या जमाखर्चात परदेशी विद्यार्थी 'निर्यात' या सदरात मोडतो. करोनाच्या आधी लोहखनिज, कोळसा आणि वायू यांच्या खालोखाल त्या देशाची कमाई होती ती शिक्षणातून. फरक एवढाच की, कोळसा बंदरात अडकून पडला तर जेवायला मागत नाही.

२० मार्च २०२० रोजी तिथल्या सीमा बंद झाल्या. हॉटेलांतली अर्धवेळ कामे गेली. नोकऱ्या टिकवण्यासाठी सरकारने जी मदत काढली, तीत या मुलांना जागा नव्हती. ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी घरी जावे, असे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी एप्रिलमध्ये सांगून टाकले. जायचे कसे? भारताने तर प्रवासी विमाने मार्चमध्येच थांबवली होती. मेलबर्नमध्ये परदेशी मुलांनी मोफत अन्नासाठी रांगा लावल्या. व्हिक्टोरिया राज्याने गरजूंना अकराशे डॉलरपर्यंत मदत दिली, हेही नोंदवायला हवे.

डिसेंबर २०२१मध्ये दारे उघडली आणि सूर पालटला. लवकर या, व्हिसाची फी परत देतो, हवे तितके तास काम करा, असे जानेवारी २०२२मध्ये तेच मॉरिसन म्हणू लागले! पुढे सरकार बदलले. जुलै २०२३मध्ये कामावर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. व्हिसाची फी जुलै २०२४मध्ये ७१० डॉलरवरून १६०० झाली आणि वर्षभराने २०००.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी हे सारे कर्जाच्या टेबलावरून पाहतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पुष्कळदा ते राहते घरच असते. हप्ते शिक्षणानंतर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. बाप सही करतो ती फी, भाडे आणि मुलाची थोडीफार कमाई यांचा अंदाज बांधून. नियम मध्येच फिरला की तो अंदाज कोसळतो, आणि विद्यापीठाची फी तर आधीच जमा झालेली असते.

विद्यापीठे एजंटांना कमिशन देऊन मुले मिळवतात. मिळवोत बापडी. व्हिसा सरकारच्या हाती असतो, हेही खरे. पण फी तर त्यांच्याच हातात आहे ना? प्रवेशपत्रातच त्यांनी लिहून द्यावे: संपूर्ण अभ्यासक्रमाची फी, खोलीचे खरे भाडे, काम गेल्यास कुठल्या निधीतून किती मिळेल, आणि दारे पुन्हा बंद झाली तर फीतले किती परत येईल. आज मी त्या टेबलावर असतो, तर घराच्या कागदांबरोबर हाही कागद मागून घेतला असता.