निवृत्तिवेतनातील तिचा वाटा

नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकांच्या दारांत निवृत्तांची रांग लागते, आणि कचेऱ्यांतून रेंगाळण्याची माझी सवय ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना, परवा शेजारच्या काकूंना सोबत म्हणून मीही त्या रांगेत होतो याचे नवल वाटणार नाही. काकूंनी थरथरत्या हाताने सही केली. मग कारकुनाने बोट ठेवून दाखवले तिथे, पुनर्विवाह केलेला नाही अशा मजकुराखाली, दुसरी केली. ऐंशीच्या घरातील स्त्रीकडून दरसाल हा कबुलीजबाब मागावा, याचा मला मनस्वी संताप आला.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना 1964 साली आली. मृताच्या अखेरच्या मूळ वेतनाचे सामान्यतः 30 टक्के, किमान 9000 रुपये, त्यावर महागाई वाढ, असा हा हक्क असून तो मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

काकूंना निदान तो मिळतो. आमच्या नात्यातील एका बाईंनी नवरा बी.एड. होईपर्यंत रात्र रात्र शिवणयंत्र चालवून घर चालवले, पुढे त्याची नोकरी कायम झाली, मुले मोठी झाली, आणि उतारवयात त्याने काडीमोड घेतला. तो वारल्यावर निवृत्तिवेतन दुसऱ्या पत्नीच्या नावे सुरू झाले, ते कायद्याला धरूनच. परंतु ज्या नोकरीच्या पायाभरणीत या बाईंचे डोळे गेले, तिच्या दप्तरात त्यांचे नावही उरले नाही. घटस्फोटित कन्येला हाच नियम काही अटींवर आश्रय देतो. घटस्फोटित पत्नीला कोणत्याही अटीवर देत नाही. अमेरिकेतील सोशल सिक्युरिटीत विवाह दहा वर्षे टिकलेला असला तर पूर्वपत्नीलाही, वय आदी अटी पुऱ्या होताच, पतीच्या खात्यावर लाभ मिळतो, आणि त्यामुळे विद्यमान पत्नीचा एक पैसाही कमी होत नाही. जी गोष्ट तिथे हिशेबात बसते ती आपल्या वित्त खात्याला अशक्य का वाटावी, हे मला उमगत नाही. संसाराची वर्षे मोजून पूर्वपत्नीला अंश द्यावा, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी पुनःपुन्हा करीन.

तोवर, ज्या भगिनींचे दावे अद्याप चालू आहेत त्यांनी मासिक पोटगीवर समाधान मानण्याआधी वकिलांशी बोलावे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली एकरकमी पोटगी मागता येते, आणि पोटगीच्या रकमेचा बोजा पतीच्या स्थावर मिळकतीवर चढवण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे.