रंगाचे पाणी आणि शेतातील टाकाऊ माल

पैठणीच्या रंगाचे कौतुक सर्वत्र होते. परंतु तो रंग चढविल्यानंतर भांड्यात उरलेले पाणी कोठे जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. विणण्यापूर्वी रेशीम साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून त्यावरील चिकट थर काढतात व मग ते रंगाच्या कढत पाण्यात बुडवितात. एक किलो रेशमाच्या एका बुडवणीस साधारणतः २० ते ३० लिटर पाणी लागते. खळबळून धुण्याचे पाणी निराळेच. कापडगिरणीच्या मानाने हे प्रमाण किरकोळ होय. तथापि पैठण हे नाथसागराच्या भिंतीच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे तेथे नदीपात्रात सोडलेले पाणी धरणाच्या विस्तीर्ण साठ्यात न मिसळता खालच्या गावांच्या वाट्यास जाते. आणि धरणाचे दरवाजे बंद असता ते पातळ होण्याइतका प्रवाह पात्रात नसतो. ज्याची विहीर वा मोट-पंप अशा ओढ्याकाठी आहे, त्याला या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको.

उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले, मोसंबीच्या साली, दाणे काढलेली मक्याची कणसे, असल्या पदार्थांच्या भुकटीने पाण्यातील रंग ओढून घेता येतो, हे प्रयोगशाळांतून वारंवार दिसून आले आहे. भुकटीच्या पृष्ठभागावर रंगाचे कण चिकटून बसतात व पाणी निवळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या मक्याच्या तालुक्यांतून मळणीनंतर रिकाम्या कणसांचे ढीग पडतात, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या तर गुलाबी बोंडअळीच्या भयाने हंगाम संपताच उपटून टाकाव्याच लागतात. तेव्हा या मालाचा उपयोग रंगाऱ्याने करावा, ही सूचना रास्त आहे. मात्र ती जशी सांगितली जाते तशी सरसकट स्वीकारणे धोक्याचे आहे.

प्रयोगशाळांतील पुष्कळसे प्रयोग मेथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगावर झालेले आहेत. त्या रंगाच्या कणांवर विजेचा धन भार असतो आणि चिपाड-टरफलांच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण भार येतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, म्हणून यश सहज मिळते. परंतु रेशमासाठी बहुधा जे आम्ल रंग वापरतात, त्यांच्या कणांवर ऋण भार असतो. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांचीही तीच गोष्ट. अशा रंगांना कच्ची भुकटी दूर लोटते. पाणी आंबट असेल तर ती त्यांना बरीच धरू लागते. आणि कणसे किंवा पऱ्हाट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा कच्च्या भुकटीपेक्षा बहुधा अधिक कामास येतो, जरी त्याला कारखान्यातील सक्रिय कोळशाची सर नसते. हा भेद न सांगता गावात प्रात्यक्षिक केले, तर पाणी जसेच्या तसे तांबडे राहील व पुन्हा त्या कार्यकर्त्याचे कोणी ऐकणार नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाआधी रंगाऱ्याच्या प्रत्यक्ष पाण्यावरच परीक्षा करावी. भुकटी प्रथम दोनतीनदा धुऊन वाळवावी, नाहीतर तिचाच तपकिरी रस पाण्यात उतरतो. काचेच्या चार बाटल्यांत गाळलेले व निवालेले रंगाचे पाणी घ्यावे. एकीत काही घालू नये. दुसरीत भुकटी, तिसरीत भुकटी व थोडे व्हिनेगर, चौथीत कोळशाची पूड घालावी. वरचेवर हलवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पांढऱ्या कागदापुढे धरून पाहावे. खर्च काहीच नाही, आणि निकाल रंगारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. साबण-सोड्याचे पाणी मात्र रंगाच्या पाण्यात मिसळू देऊ नये. त्याने आंबटपणा मरतो व गाळणीही लवकर चोंदते.

निवळीच्या बियांनी गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या आपल्या लोकांना निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे तसे नाही. रंग गेला तरी पाण्यात विरघळलेले मीठ व सोडा तसाच राहतो, आणि काही रंगांतील धातूंचे अंशही राहू शकतात. असे पाणी परीक्षणाशिवाय पिकास देऊ नये, विशेषतः काळ्या भारी जमिनीत. तेथे सोडियम साचल्यास जमीन चोपण होते व पुन्हा सुधारण्यास वर्षे जातात. रंगाऱ्याने ते चुन्याने आंबटपणा घालवून पुढच्या रंगाच्या पहिल्या धुण्यास वापरून पाहावे, हे अधिक शहाणपणाचे. कितीही निवळलेले असले तरी ते ओढ्यात सोडण्याची मुभा त्याने मिळत नाही; जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा लहानमोठा पाहत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती वापरलेल्या भुकटीबाबत. ती वनस्पतिजन्य असल्यामुळे उकिरड्यात टाकावी असे शेतकऱ्यास सहजच वाटेल. परंतु रंग नाहीसा झालेला नसतो. तो पाण्यातून भुकटीत आलेला असतो एवढेच. खताच्या खड्ड्यात, हवा नसलेल्या जागी, काही ॲझो रंग फुटून अपायकारक द्रव्ये निर्माण होतात. अशा रंगांपैकी काहींवर भारतात १९९७ साली बंदी घातली गेली ती याच द्रव्यांमुळे. ही भुकटी खतात जाऊ नये, चुलीत जाऊ नये, जनावरांच्या तोंडी तर मुळीच लागू नये. ती वाळवून बंद पिंपात ठेवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलेल्या विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवावी. एका रंगाऱ्याला हे परवडणार नाही. विणकरांच्या संस्थेने सर्वांचे मिळून केले तर परवडेल. तशी व्यवस्था नसेल तेथे ही योजना सुरूच न करणे बरे, कारण ओढ्यातील रंग निदान दिसतो, शेतातील दिसत नाही.

शेतकऱ्याने हा माल फुकट द्यावा असेही नव्हे. कडबा आणि मक्याचा हिरवा-वाळला चारा यांस हात लावू नये; तो जनावरांचा आहे. चिपाड बहुधा कारखान्याच्या भट्टीत जाते व पाचट जमिनीतच राहावे. उरतात ती रिकामी कणसे व पऱ्हाट्या, आणि त्यांनाही चुलीचे सरपण म्हणून किंमत असते. दळण्याची, धुण्याची व वाहतुकीची मजुरी धरून भाव ठरवावा, आणि कणसे पावसात भिजून बुरशी येण्यापूर्वी उचलण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकावी.